मेहुण्यांचं जुनं यंत्र घेऊ का?

पत्र

मी सातारा जिल्ह्यात सहा वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. महिन्याला दातांच्या चार-पाच केसेस येतात, स्केलिंग आणि दात काढणं. गेल्या महिन्यात बारा वर्षांच्या पॉमेरेनियनची खालची दाढ काढताना जबडाच मोडला. मालक समजूतदार निघाले, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. आता दातांचा एक्स-रे घ्यायचाच, असं ठरवलंय. भुलेसाठी आयसोफ्लुरेन या गॅसचं मशीन आणि मॉनिटर आहे. बजेट साडेतीन लाख. माझे मेहुणे दंतवैद्य आहेत. ते नवीन यंत्र घेताहेत, भिंतीवरचं जुनं मला फुकट देतो म्हणतात. एक विक्रेता हातात धरायचं यंत्र आणि सेन्सर असं पॅकेज घेऊन मागे लागलाय. बॅचमेट म्हणतो, सेन्सरच्या नादी लागू नकोस, प्लेटचा स्कॅनर घे, नाहीतर एखादं कुत्रं एका चाव्यात तुझे पैसे गिळेल. कोणाचं ऐकू?

— एक पशुवैद्य, सातारा जिल्हा

उत्तर

डॉक्टर, आधी त्या पॉमेरेनियनबद्दल बोलू, कारण तुमचं पत्र यंत्राबद्दल असलं तरी त्याच्या मुळाशी ती रात्र आहे.

छोट्या जातींच्या कुत्र्यांत खालची पहिली मोठी दाढ, म्हणजे दातांच्या क्रमांकांत आपली ३०९ आणि ४०९, जबड्याच्या मानाने फारच दांडगी असते. कुत्रं तीन किलोचं, पण दाढ जणू दहा किलोच्या कुत्र्याची. तिची मुळं जबड्याच्या खालच्या कडेला टेकायला आलेली असतात. त्यात हिरड्यांच्या आजाराने वर्षानुवर्षं हाड खाल्लं की मुळाखाली पापडाइतकी पातळ पट्टी उरते. तिथे दात सैल करायचा एलिव्हेटर जरा जोरात फिरवला की संपलं. तुमच्या कुत्र्याचं नेमकं असंच झालं होतं का, हे आता सांगता येणार नाही. पण आधी फोटो असता तर दाढेचे दोन तुकडे करून एकेक मूळ सावकाश सोडवलं असतं, किंवा मालकांना आधीच बसवून सांगितलं असतं की जबडा मोडायची शक्यता आहे, किंवा केस सरळ पुढे पाठवली असती. म्हणजे एक्स-रे घेण्याचा तुमचा निर्णय बरोबरच आहे. उशीर झाला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. आमच्या पिढीने तर अर्धी कारकीर्द हिरडीच्या वरचं बघूनच काढली.

हिरडीच्या वर दिसतो तो दाताचा छोटा भाग. सुळ्याचं मूळ त्याच्या दिसणाऱ्या भागापेक्षा लांब असतं, हे शिकवलेलं सगळ्यांना आठवतं, पण हातात फोर्सेप्स आली की विसरायला होतं. अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मंडळींनी १९९८ साली संपूर्ण तोंडाच्या एक्स-रेवर काम प्रसिद्ध केलं. डोळ्यांनी काहीच वावगं दिसत नव्हतं अशा कुत्र्यांपैकी २७.८ टक्क्यांत आणि मांजरांपैकी ४१.७ टक्क्यांत एक्स-रेने उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं काहीतरी दाखवलं. म्हणजे 'दात छान आहेत हो' असं आपण ज्यांना सांगून घरी पाठवतो, त्यांची ही गोष्ट.

आता तुमचे तीन सल्लागार. तिघं भांडताहेत असं तुम्हाला वाटतंय, पण ते एकाच वस्तूबद्दल बोलतच नाहीयेत. एक्स-रेत दोन वेगळ्या वस्तू असतात: किरण फेकणारी आणि किरण झेलणारी. मेहुणे फेकणारी वस्तू देताहेत. बॅचमेट झेलणारीबद्दल बोलतोय. विक्रेत्याने दोन्हींची मोट बांधलीय, कारण त्यात त्याची सोय आहे. तुम्ही झेलणाऱ्या वस्तूचा निर्णय आधी घ्या. पैसे तिथे जातात, चित्राचा कस तिथे ठरतो, आणि रोजचा वैतागही तिथेच असतो.

सेन्सर, ज्याला सगळे दंतवैद्य आरव्हीजी म्हणतात. (हे मुळात एका फ्रेंच कंपनीने १९८७ च्या सुमारास बाजारात आणलेल्या यंत्राचं नाव. डालडासारखं ते सगळ्यांनाच चिकटलं.) वायरच्या टोकाला एक कडक, चपटी डबी, तोंडात ठेवायची, बटण दाबलं की काही क्षणांत पडद्यावर चित्र. प्लेट म्हणजे फॉस्फरची पातळ, जराशी वाकणारी पट्टी. ती तोंडातून काढून स्कॅनरमध्ये घालायची, मग चित्र येतं. पुसून पुन्हा वापरायची.

बॅचमेटचं म्हणणं चुकीचं नाही. प्लेट पातळ असते, मांजराच्या किंवा सशाच्या तोंडात बरी जाते. शिवाय ती मोठ्या मापात मिळते. ४ नंबरची प्लेट साधारण ५७ बाय ७६ मिलिमीटरची असते, तर नेहमीचा २ नंबरचा सेन्सर ३१ बाय ४१ च्या आसपास. लॅब्रेडॉरचा किंवा रॉटवायलरचा अख्खा सुळा, टोकापासून मुळाच्या शेंड्यापर्यंत, ४ नंबरवर एका फोटोत येतो. २ नंबरवर दोनदा घ्यावा लागतो. आणि प्लेट चावली गेली तर एक प्लेट जाते, संसार बुडत नाही.

तरीही तुम्ही सेन्सर घ्या, असंच मी म्हणेन. कारण तुम्ही शिकाऊ आहात. राग मानू नका, याबाबतीत पहिलं वर्षभर सगळेच असतात. पहिल्या महिन्यात दहातले सहा फोटो फसतात: मुळाचा शेंडा कापला जातो, दात लांबुडका होतो किंवा बुटका होतो. सेन्सर असेल तर तो तोंडात जागच्या जागी राहतो, तुम्ही पडद्याकडे बघता, यंत्राचं नळकांडं जरासं खाली करता आणि पुन्हा बटण दाबता. चूक आणि दुरुस्ती यांत काही सेकंदांचं अंतर. हात असाच शिकतो. प्लेट मात्र बाहेर काढली की ती कुठे, कशी ठेवली होती हे गेलंच. मग अंदाजाने पुन्हा ठेवा, पुन्हा स्कॅन करा, आणि तेवढा वेळ कुत्रं भुलेत. कुत्र्याच्या अख्ख्या तोंडाचे दहा-बारा फोटो होतात, मांजराचे आठ-दहा. प्रत्येकामागे दोन मिनिटं वाढली तरी बारा वर्षांच्या हृदयाला ती जाणवतात. प्लेटवर ओरखडेही येतात, आणि ते चित्रात पांढऱ्या रेघा होऊन उतरतात. उलटी ठेवली गेली तर डावं-उजवं बदलण्याचा धोका वेगळाच.

सेन्सर एकच घ्यायचा तर २ नंबरचा. छोटा १ नंबरचा मांजरासाठी म्हणून सुचवला जातो, पण त्यावर कुत्र्याचं काम निम्मंच होतं. आणि चाव्याची भीती? कुत्रं भुलेत असताना चावत नाही, भूल हलकी झाली की चावतं. जबडा हलला, पापणी फडफडली की सेन्सर आधी बाहेर. तुमच्याकडे गॅस मशीन आणि मॉनिटर आहे, म्हणून मी हे बिनधास्त लिहितोय. नुसत्या इंजेक्शनवर, श्वासनलिकेत नळी न टाकता दातांचं काम करणारा कुणी हे वाचत असेल तर त्याने एक्स-रेचे पैसे आधी भुलेवर खर्च करावेत. खरं तर सेन्सर जास्त वेळा मरतो तो वायर डबीला जिथे जोडलेली असते तिथे पिळून, किंवा टेबलावरून फरशीवर पडून. वायर कधी गुंडाळून खिळ्याला अडकवू नका. खरेदीच्या वेळी वॉरंटीत 'पडणं' आणि 'चावणं' धरलंय का, हे कागदावर लिहून घ्या. बदलीचा सेन्सर किती दिवसांत आणि किती पैशांत मिळेल, तेही. तोंडी आश्वासनाची किंमत यंत्र बंद पडल्यावर कळते.

आता किरण फेकणारं यंत्र. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिलं यंत्र मी भिंतीवरचंच घेतलं होतं. बसवणाऱ्याने विचारलं, कुठे लावू? मी रिकामी भिंत दाखवली. शोभून दिसत होतं. पहिल्याच कुत्र्याच्या वेळी लक्षात आलं की यंत्राचा हात दातांच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. मग नळी, मॉनिटरच्या वायरी, सलाईन असं सगळं लटांबर सांभाळत भुलेतलं कुत्रं भिंतीकडे सरकवायचं, फोटो घ्यायचे, परत आणायचं. चार महिन्यांत मी एक्स-रे 'फक्त गरज असेल तेव्हाच' घ्यायला लागलो, आणि गरज हळूहळू भासेनाशी झाली. यंत्र धूळ खात पडलं. पुढे दुसऱ्या भिंतीवर हलवलं तेव्हा कुठे वापर सुरू झाला. यंत्र कोणतंही असो, जिथे जनावर झोपलंय तिथे ते आलं पाहिजे. यात बसत नसेल तर फुकट मिळालं तरी महागच.

म्हणून मेहुण्यांच्या यंत्राचं मोजमाप आधी करा. माणूस खुर्चीत बसतो, त्याचं डोकं जवळपास एकाच उंचीवर असतं. आपलं टेबल वेगळ्या उंचीचं, कुत्रं कधी उताणं, कधी कुशीवर. यंत्राचा हात पूर्ण ताणल्यावर भिंतीपासून कुठवर जातो ते टेपने मोजा. ताणून सोडल्यावर यंत्राचं डोकं जागेवर थांबतं की हळूच खाली घसरतं ते पाहा. घसरणारा हात म्हणजे प्रत्येक फोटो हललेला. तुमची भिंत विटांची किंवा काँक्रीटची आहे ना? प्लायच्या पार्टिशनवर हे वजन लटकवू नका. डोक्याच्या सांध्यांतून तेल पाझरतंय का, तेही बघा. ते तेल आतल्या एक्स-रेच्या नळीला थंड ठेवणारं आणि विजेपासून वेगळं राखणारं असतं, म्हणून तेलाचा डाग दिसला तर विषय तिथेच संपवा.

जुन्या यंत्राची आणखी एक गोम आहे. ते फिल्मच्या काळातलं असेल तर त्याचा टायमर फिल्मला लागणाऱ्या वेळेसाठी बनवलेला असतो. सेन्सरला किरण बरेच कमी लागतात, आणि मांजराच्या खालच्या दाढेला तर सेकंदाचा अगदी बारीक अंश पुरतो. टायमरचा सगळ्यात खालचा आकडाच जास्त असेल तर मांजराचे फोटो जळून काळे येतील, तुम्ही काहीही केलंत तरी. मेहुण्यांकडे जाऊन सगळ्यात कमी वेळेवर त्यांच्याच सेन्सरने एखाद्या काढलेल्या दाताचा फोटो काढून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि वीज. सातारा जिल्ह्यात तुम्हाला व्होल्टेजचं मी काय सांगणार? दाब पडला की जुन्या यंत्राचे फोटो फिके होतात. चांगला स्टॅबिलायझर त्याच खर्चात धरा.

हातात धरायचं यंत्र मोहात पाडतं, हे मान्य. दोन-तीन किलोचं, बॅटरीवर चालणारं, ड्रिलसारखं दिसणारं. लाइट गेली तरी चालतं, टेबल कुठेही असो. त्याच्या तोंडाशी जी पारदर्शक शिशाची चकती असते ती परत उसळणारे किरण तुमच्यापासून अडवते. पण ती नीट अडवते तेव्हा, जेव्हा यंत्र छातीसमोर आडवं धरलेलं असतं, माणसाच्या दातांसाठी धरतात तसं. आपलं काम वेगळं. कुत्र्याच्या टाळूला खोली नसते, त्यामुळे वरच्या दातांना सेन्सर दाताशी समांतर ठेवताच येत नाही. नळकांडं तिरपं, कधी जवळजवळ उभं धरावं लागतं. यंत्र तिरपं झालं की चकतीची सावली तुमच्यावरून सरकते. वर हात थरथरतो तो वेगळाच. असं यंत्र घेतलंत तर सोबत स्टँड आणि लांबून दाबायचं बटण घ्या. ते त्याला जोडता येत नसेल तर ते यंत्र दातांच्या टेबलासाठी मला तरी नको.

चाकांचा स्टँड असलेलं साधं यंत्र हा तिसरा मार्ग, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणीच सांगितलेलं नाही. विक्रेत्याला त्यात फार रस नसतो. एकच टेबल आहे, खोली लहान आहे, भिंत हुकलीय, अशा दवाखान्याला मला तोच बरा वाटतो. फक्त पाया जड आणि चाकांना ब्रेक हवेत.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण ती गाळू नका. भारतात एक्स-रे यंत्रांवर एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषदेचं, नियंत्रण असतं. तिचं कार्यालय आपल्याच मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. 'जनावरांसाठी आहे, चालतं' असं विक्रेता म्हणाला तर त्याच्याकडे पाठ फिरवा. मॉडेलला एईआरबीची मान्यता आहे का, हे त्याच्या ब्रोशरमध्ये नाही तर परिषदेच्या यादीत स्वतः शोधा. ऑनलाइन स्वस्तात येणाऱ्या आयात यंत्रांत मान्यता नसलेली भरपूर असतात. सगळे व्यवहार ई-लोरा या त्यांच्या पोर्टलवरून होतात. मेहुण्यांच्या यंत्राचीही हीच गोष्ट. ते त्यांच्या दवाखान्याच्या नावावर आहे. पिशवीत घालून आणायची ती वस्तू नाही. त्यांच्या खात्यातून ते कमी व्हायला हवं, तुमच्या खात्यात यायला हवं, आणि बसवल्यावर गुणवत्ता चाचणी हवी. नात्यात हे सांगायला अवघड वाटतं, पण पुढे त्यांनाही अडचण नको.

सेन्सर किंवा प्लेट कुणीही, कधीही बोटांनी तोंडात धरून ठेवायची नाही. कापडाची घडी, स्पंजचा तुकडा, काहीही वापरा, बोटं नकोत. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स अमेरिकेत दातांचा एक्स-रे घेणाऱ्या पहिल्या लोकांपैकी होते. किरण नीट येताहेत का हे बघायला ते वर्षानुवर्षं स्वतःचा हात त्यांत धरत आले. कर्करोगाने आधी बोटं गेली, मग हात, आणि १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आपली यंत्रं त्यांच्या काळच्या मानाने फारच सौम्य आहेत, पण आपण एकच फोटो घेत नाही. बटण दाबताना दोन मीटर लांब उभे राहा. अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते. मदतनीस मुलीला खोलीबाहेर जाऊ द्या, तिला ॲप्रन घालून कुत्र्याचं डोकं धरायला लावू नका. जनावर भुलेत आहे, धरायचंय काय?

सॉफ्टवेअरकडे कुणी लक्ष देत नाही आणि मग रोज शिव्या घालतं. माणसाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२ दातांचा तक्ता असतो. तुमच्या कुत्र्याला ४२ आणि मांजराला ३०. तक्ता प्राण्यांचा असेल, फोटो डायकॉममध्ये, म्हणजे वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये, बाहेर काढता येत असतील आणि तुमच्या आताच्या संगणकावर ते चालत असेल, एवढं विकत घेण्याआधी डेमोमध्ये बघा. डेमो विक्रेत्याच्या लॅपटॉपवर नको, तुमच्या संगणकावर द्यायला लावा.

आता शिकण्याबद्दल. यात माझा जीव रमतो, म्हणून थोडं ऐका. यंत्राच्या पुढच्या नळकांड्याला सगळे 'कोन' म्हणतात आणि आपल्याला साधायचा असतो तोही कोनच. खालच्या मागच्या दाढा सोप्या: सेन्सर दाताशी समांतर, किरण काटकोनात. बाकी सगळीकडे दाताची रेषा आणि सेन्सरची रेषा यांच्यातला कोन मनात दुभागायचा आणि त्या दुभाजकावर किरण काटकोनात सोडायचा. वरच्या मागच्या दाढांना नळकांडं साधारण ४५ अंशांवर येतं. सूर्य माथ्यावर आला की सावली आखूड होते आणि मावळतीला लांब, तसंच इथे दाताचं होतं. वरच्या मोठ्या दाढेला, १०८ आणि २०८ ला, तीन मुळं असतात. पुढची दोन एकमेकांवर चढून दिसतात, म्हणून एक फोटो सरळ आणि एक थोडा बाजूने घ्यावा लागतो. डोळ्याखाली सूज घेऊन येणारं आणि दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिक घेऊन जाणारं जे कुत्रं तुमच्याकडे आहे ना (प्रत्येक दवाखान्यात एक असतंच), त्याची ती दाढ आधी बघा. बहुतेकदा हाडं चावून तिचा टवका उडालेला असतो.

जिवंत जनावरावर शिकू नका. मेलेल्या, मालकांनी परवानगी दिलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर किंवा स्वच्छ केलेल्या कवटीवर दोन रविवार घालवा. आपल्या शिरवळच्या महाविद्यालयात ओळख असेल तर कवटी मिळवणं अवघड जाऊ नये. जागतिक छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यक संघटनेची दातांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं फुकट वाचायला मिळतात. त्यांतलं एक्स-रेचं प्रकरण प्रिंट काढून भिंतीवर लावा.

मांजरांबद्दल दोन गोष्टी. मांजराचे दात शरीर आतून विरघळवून टाकतं, हे तुम्ही पाहिलंच असेल, खालच्या ३०७ आणि ४०७ पासून सुरुवात होते. काही दातांचं मूळ हाडात पूर्ण मिसळून गेलेलं असतं, आणि तिथे आसपास संसर्ग नसेल तर फक्त वरचा भाग काढून हिरडी शिवता येते. पण मूळ शाबूत असेल तर ते आख्खं काढावं लागतं. यातलं कोणतं आहे हे एक्स-रेशिवाय कळत नाही, म्हणून एक्स-रे नसेल तर 'वरचा काढून शिवलं' म्हणू नये. दुसरं, फोटोसाठी मांजराचं तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा गॅग वापरू नका. तोंड जास्त ताणलं की मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारा रक्तपुरवठा दबतो, आणि भुलेतून उठल्यावर मांजर आंधळं झाल्याच्या नोंदी आहेत. सुईचं टोपण आखूड कापून सुळ्यांमध्ये ठेवलं की पुरतं.

तुमच्या जागी मी असतो तर साडेतीन लाखांतला मोठा वाटा २ नंबरच्या चांगल्या सेन्सरवर आणि त्याच्या वॉरंटीवर घातला असता. मेहुण्यांचं यंत्र टेबलापर्यंत पोचलं, टायमर पुरेसा खाली आला, तेल पाझरत नसलं आणि कागद नीट झाले, तर ते आनंदाने घेतलं असतं. यातलं एखादं जरी जमलं नाही तर स्टँडवरचं मान्यताप्राप्त यंत्र. विक्रेत्याच्या पॅकेजला नाही म्हणा, पण त्यातला सेन्सर सुटा किती पडतो ते विचारा. पॅकेजमधून सुटला की किंमत बऱ्याचदा समजण्यासारखी होते. उरलेल्या पैशांत स्टॅबिलायझर, गळ्याला किरणांपासून वाचवणारी थायरॉइड कॉलर आणि एखादा प्रत्यक्ष हातांनी करायचा कोर्स.

आणि मेहुण्यांनी यंत्र भिंतीवरून उतरवण्याआधी तिकडे जा. उतरवलेल्या यंत्राचा हात किती पोचतो, हे मोजता येत नाही.